स्वयमचे ४० टक्के क्रेडिट : कॉलेज सुधारणार की शिक्षकच जाणार?

कोयनाकाठ

परवा आमच्या बोर्ड ऑफ स्टडीजच्या, म्हणजे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळाच्या, मीटिंगमधे एकाच मुद्द्यावर दीड तास वाद झाला, चहा आला, चहा संपला, ठरलं काहीच नाही. म्हणून इथे टाकतोय, मोकळेपणानं बोला.

मुद्दा असा. यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०१६ ला नियम काढला की एका सेमिस्टरमधले २० टक्क्यांपर्यंत कोर्स पोरांनी स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून केले तर कॉलेजनं त्याचे क्रेडिट धरायचे. २०२१ ला त्याचे ४० टक्के झाले. आम्ही आजवर एक इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय, तेवढं तसं ठेवलंय. आता अजून दोन विषय तिकडे द्यायचे का हा प्रश्न आहे आणि माझं मत आहे की द्यायचे.

का ते सांगतो. मी २००८ ला एम.ई. करून तालुक्याच्या गावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लेक्चरर म्हणून लागलो, पहिल्याच सेमिस्टरला कंट्रोल सिस्टिम्स गळ्यात पडलं. मला स्वतःला तो विषय शिकताना कुणी नीट शिकवलेला नव्हता, रूट लोकस काढायच्या पायऱ्या पाठ होत्या पण तो कशासाठी काढायचा हे माहीत नव्हतं, आणि आता मी साठ पोरांसमोर उभा. गाईडमधून वाचून शिकवायला लागलो. पोरांना कळतं हो, दुसऱ्या आठवड्यात मागचे बाक रिकामे.

तेव्हा आमच्या लायब्ररीत एनपीटेलची हार्ड डिस्क आली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एनपीटेल म्हणजे २००३ मधे केंद्र सरकारच्या पैशातून सात आयआयटी आणि बेंगळुरूच्या आयआयएससीनं मिळून सुरू केलेला प्रकल्प, तिथल्या प्राध्यापकांनी आपले अख्खे कोर्स रेकॉर्ड करून सगळ्यांना फुकट द्यायचे. नेट इतकं हळू होतं की व्हिडिओ चालायचाच नाही, म्हणून हार्ड डिस्क. त्यात आयआयटी दिल्लीच्या प्रा. एम. गोपाल यांचा कंट्रोल इंजिनिअरिंगचा कोर्स होता. रात्री जेवण झालं की एक लेक्चर लावायचो, थांबवत थांबवत वहीत उतरवायचो, आणि सकाळी सव्वादहाला तेच माझ्या भाषेत फळ्यावर. पहिल्या वर्षी नुसती नक्कल होती. दुसऱ्या वर्षी पोरांच्या प्रश्नांना उत्तरं यायला लागली. तिसऱ्या वर्षी एके रात्री लक्षात आलं की आज आपण व्हिडिओ न बघताच झोपलो.

मी जो काही शिक्षक आहे तो त्या हार्ड डिस्कमुळे आहे, हे मी कुठेही सांगीन. आयआयटी सगळ्यांच्या कराच्या पैशावर चालते पण तिथल्या वर्गात बसायला मिळायचं मोजक्याच पोरांना, तो वर्ग सरकारनंच पैसे घालून आमच्या गावापर्यंत आणला. कुठल्या खासगी कंपनीनं ते २००३ मधे केलं असतं? त्यांना त्यात काय मिळणार होतं? आणि एनपीटेलचे हेच कोर्स आता स्वयमवरून पोरांना थेट क्रेडिटसकट मिळतायत तर आपण का अडवायचं?

तासिकावाला

सर तुमची गोष्ट मनापासून आवडली पण तुमचा निष्कर्ष तुमच्याच गोष्टीच्या उलटा आहे असं मला वाटतं. त्या हार्ड डिस्कनं पोरं शिकवली नाहीत, शिक्षक घडवला. मग त्या शिक्षकानं पोरं शिकवली. तुम्ही आता म्हणताय मधला शिक्षक काढून टाकू.

मी नऊ वर्षं सीएचबीवर शिकवतोय, म्हणजे तासाला इतके रुपये, सुट्टी लागली की पैसे बंद, आणि दर जूनला नवीन ऑर्डर मिळते की नाही याची वाट बघायची. आमच्यात पोस्ट कशावर ठरते? कार्यभारावर. आठवड्याला इतके तास भरले तर इतक्या जागा. आता दोन पेपर स्वयमला दिले की त्या दोन पेपरचे तास कागदावरून गेले. तास गेले की पहिला कोण जाणार, परमनंट माणूस जाणार नाही, मी जाणार. आणि पुढे तो परमनंट माणूस रिटायर झाला की त्याची जागा भरायची गरजच नाही असं सिद्ध होणार, कारण कार्यभारच नाही.

हे मी भीतीपोटी बोलत नाही. त्या २०१६ च्या नियमांतच ऑनलाइन कोर्स कधी घ्यावा याचं एक कारण असं दिलंय की विभागात योग्य शिक्षक उपलब्ध नसतील तर. म्हणजे आधी वर्षानुवर्षं भरती करायची नाही, मग शिक्षक उपलब्ध नाहीत म्हणायचं, मग व्हिडिओ लावायचा. या साखळीत पोरांचं भलं कुठल्या कडीत आहे ते दाखवा.

केटी_क्लिअर

मी लास्ट इयरला आहे, तीन एनपीटेल केलेत, खरं काय ते सांगतो.

मार्कांचा हिशोब असा असतो, २५ असाइनमेंटचे आणि ७५ परीक्षेचे. असाइनमेंटची उत्तरं आदल्या रात्री टेलिग्रामवर आणि यूट्यूबवर येतात, दर आठवड्याला, सगळ्या मोठ्या कोर्सची. वर्गातली निम्मी पोरं व्हिडिओ उघडतच नाहीत, उत्तरं टिक करतात आणि २५ पैकी २३-२४ घेतात. परीक्षा मात्र खरी असते, सेंटरवर जाऊन कॉम्प्युटरवर द्यावी लागते, तिथे कोण काय करणार. पण ती बहुतेक वेळा ऑप्शनवाली, आणि मागच्या असाइनमेंटचे प्रश्न पाठ केले की पासपुरतं होऊन जातं. माझा पहिला कोर्स मी असाच केला, आज त्यातलं मला काहीही आठवत नाही.

दुसरा कोर्स पायथनचा होता तो मी नीट केला कारण सुट्टीत गावी होतो आणि करायला काही नव्हतं. त्या कोर्सनं मला प्रोग्रॅमिंग आलं. कॉलेजच्या तीन सेमिस्टरमधे आलं नव्हतं ते बारा आठवड्यांत आलं. एलिट सिल्व्हर मिळालं, आईनं ते सर्टिफिकेट फ्रेम केलंय. त्यामुळे तासिकावाला सर तुमचं बरोबर असेल पण माझ्यापुरतं सांगायचं तर मला ज्यांनी शिकवलं ते सर हजार किलोमीटर लांब होते आणि त्यांना माझं नाव पण माहीत नाही.

परीक्षेला सेंटर आलं शहरात, पहाटे चारला गाडी पकडली. फी हजार रुपये. एवढंच सांगायचं होतं की फुकट आहे म्हणतात ते शिकणं फुकट आहे, क्रेडिट फुकट नाही.

निळीशाई

मी २०१७ ला निवृत्त झालो, चौतीस वर्षं फिजिक्स शिकवलं. त्यामुळे हा वाद मी चौथ्यांदा ऐकतोय.

पहिल्यांदा १९८४ ला. पंधरा ऑगस्टला यूजीसीचा कंट्रीवाइड क्लासरूम दूरदर्शनवर सुरू झाला, पुणे विद्यापीठात त्यासाठी कार्यक्रम बनवणारं केंद्र झालं, आम्ही स्टाफरूममधे टीव्ही मागवला. कार्यक्रम उत्तम असायचे, मी आजही म्हणतो. पण ते लागायचे दुपारी आणि त्या वेळेला आमची प्रॅक्टिकल्स. टीव्ही पुढे क्रिकेटला उपयोगी पडला.

दुसऱ्यांदा २००४ ला, एज्युसॅट. फक्त शिक्षणासाठी सोडलेला आपला पहिला उपग्रह, छाती भरून आली होती. त्याआधी जी चाचणी घेतली त्यात आपलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ होतं, कर्नाटकचं विश्वेश्वरय्या होतं. सगळीकडे गच्चीवर छत्र्या बसल्या. २०१० मधे तो उपग्रह निवृत्त झाला आणि पुढे महालेखापालांनी त्याच्या वापरावर कडक अहवाल दिला, कारण कित्येक ठिकाणी यंत्रं धूळ खात होती. मी एका कॉलेजच्या गच्चीवर ती छत्री पाहिली आहे, तिच्यात पावसाचं पाणी साठलं होतं आणि कावळे पीत होते.

तिसऱ्यांदा २०११ ला आकाश टॅब्लेट. जगातला सगळ्यात स्वस्त म्हणून दिल्लीत समारंभ झाला. बोट दाबून दाबून चालवावा लागायचा, बॅटरी दोन-तीन तासांत संपायची.

प्रत्येक वेळी सरकारनं पैसा खराच खर्च केला होता आणि कामं करणारी माणसंही मनापासून करत होती, यात मला शंका नाही. पण दर वेळी पैसा यंत्रावर संपला आणि ते यंत्र ज्याच्या हातात द्यायचं त्या शिक्षकापर्यंत, त्या वेळापत्रकापर्यंत, त्या छत्रीची दुरुस्ती करणाऱ्या माणसापर्यंत पोचलाच नाही. कोयनाकाठ, तुमच्या बाबतीत ते जमलं कारण तुम्ही रोज रात्री जागलात. तुमच्या त्या जागरणाचा पैसा कुठल्या अंदाजपत्रकात होता?

कोयनाकाठ

निळीशाई सर, शेवटचा प्रश्न मला दिवसभर पुरला. खरंच कुठेच नव्हता.

पण एक गोष्ट मी सोडणार नाही. टीव्ही, उपग्रह, टॅब्लेट या तिन्हीत आणि एनपीटेलमधे फरक आहे. ते तिन्ही वरून ठरलेल्या वेळेला किंवा ठरलेल्या डब्यात यायचे. एनपीटेल आम्ही आमच्या गतीनं वापरू शकलो, थांबवून, मागे नेऊन, कॉपी करून, पुढच्याला देऊन. लायसन्सच असं आहे की वाटायला परवानगी आहे. आणि शिक्षकांसाठी काहीच केलं नाही हेही पूर्ण खरं नाही. आयआयटी मुंबईच्या प्रा. दीपक फाटकांनी दहा हजार शिक्षकांना शिकवण्याचा जो प्रकल्प केला तोही सरकारी पैशातलाच, मी त्यातली एक वर्कशॉप केलीय, जवळच्या मोठ्या कॉलेजात सेंटर होतं, पडद्यावर पवईहून लेक्चर आणि आमच्या बाजूला हाताशी प्रॅक्टिकल घ्यायला त्या कॉलेजचे दोन सर. दोन आठवडे. तिथे ओळख झालेल्या सहा-सात शिक्षकांशी आजही फोन चालू आहे. आता तर एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) आठ आठवड्यांचा एनपीटेल कोर्स म्हणजे एक एफडीपी, शिक्षकांसाठीचं एक प्रशिक्षण, असं धरते, त्यामुळे माझ्या विभागातले अर्धे लोक दर जानेवारी-जुलैला काहीतरी शिकतात. प्रमोशनसाठी शिकतात म्हणा, पण शिकतात.

खोडदकर

थोडा वेगळा सूर लावतो.

व्हिडिओ म्हणजे पुस्तकाची पुढची आवृत्ती, चांगली गोष्ट आहे, पण त्याला मी उच्च शिक्षणातला बदल म्हणणार नाही. बदल मी पाहिला तो आमच्या नारायणगावजवळ, खोडदला. जीएमआरटी, म्हणजे महाकाय रेडिओ दुर्बीण. ४५ मीटरच्या तीस डिश, सगळ्या सरकारी पैशातून, आणि त्यातली युक्ती अशी की नेहमीसारखा जड लोखंडी सांगाडा न घेता ताणलेल्या दोरांवर तारेची जाळी बसवायची, म्हणजे वजन कमी, वारा आरपार जातो आणि खर्च आवाक्यात. प्रा. गोविंद स्वरूप यांची ती कल्पना. हे आपल्याकडे डोकं लावून केलेलं तंत्रज्ञान आहे, विकत आणलेलं नाही.

आता याचा कॉलेजशी काय संबंध? मी बी.एस्सी.ला असताना पुण्यात एनसीआरए आणि आयुका या खगोलशास्त्राच्या दोन संस्था मिळून डिसेंबरमधे रेडिओ अ‍ॅस्ट्रॉनॉमीची विंटर स्कूल घ्यायचे, तिथे गेलो. आम्ही स्वतः अँटेना फिरवून सूर्याचा सिग्नल घेतला, आपल्या आकाशगंगेतल्या हायड्रोजनची रेषा शोधली. त्या रात्री आलेख कागदावर उमटला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की पुस्तकात लिहिलेलं कुणीतरी मोजून लिहिलंय आणि ते मीही मोजू शकतो. पोरगं दोन आठवड्यांत बदलतं ते असं.

आयुका तर बनवलीच त्यासाठी, १९८८ ला, डॉ. नारळीकरांच्या पुढाकारानं. एकेका विद्यापीठाला एवढी यंत्रसामग्री परवडणार नाही म्हणून एकाच ठिकाणी उत्तम सोय करायची आणि देशभरातल्या कॉलेज-विद्यापीठातल्या शिक्षकांना असोसिएट म्हणून तिथे बोलवायचं, प्रवास आणि राहण्याचा खर्च संस्थेचा. शिक्षक महिनाभर राहतो, काम करतो, परत जाऊन आपल्या पोरांना प्रोजेक्ट देतो. निळीशाई सर म्हणतात तो शिक्षकापर्यंत पोचणारा पैसा, तो इथे आहे. मला वाटतं हा नमुना इंजिनिअरिंगला आणि बायोलॉजीलाही लावायला हवा होता, व्हिडिओवर समाधान मानायला नको होतं.

तासिकावाला

खोडदकर, हे शंभर टक्के मान्य. पण दरवर्षी किती पोरं तिथे पोचतात? माझ्या वर्गात ऐंशी आहेत, त्यातला एक तरी आजवर गेलाय का, नाही. फॉर्म भरायचा असतो हेच मला आज तुमच्याकडून कळलं.

खोडदकर

मग पुढच्या वर्षी एक तरी पाठवा. बाकी २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन असतं, आजूबाजूच्या शाळा-कॉलेजांची हजारो पोरं येतात, डिश जवळून बघायला मिळते, तिथपर्यंत तर एसटीनं पण येता येतं.

ग्रंथपाल_ताई

एक बाजू कुणीच मांडली नाही म्हणून लिहिते. व्हिडिओ आणि दुर्बिणी झाल्या, पण वाचायला काय मिळतं?

मी एका अनुदानित कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. पूर्वी आमच्याकडे सहा जर्नल यायची, टपालानं, दोन महिने उशिरा. मग इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या ग्रंथालय-जोडणी केंद्राचं एन-लिस्ट आलं आणि एका पासवर्डवर हजारो जर्नल आणि ई-पुस्तकं पोरांच्या हातात. शोधगंगेवर देशभरातले पीएच.डी. प्रबंध वाचायला मिळतात, त्याआधी प्रबंध बघायचा तर त्या त्या विद्यापीठात जाऊन परवानगी काढायला लागायची. हे सगळं सरकारी खर्चातून उभं राहिलेलं आहे आणि याचा गाजावाजा झाला नाही, पण आमच्या एम.ए.च्या मुलींनी प्रोजेक्टला खरे संदर्भ द्यायला सुरुवात केली ती यामुळे. मी स्वतः बघितलंय.

आता नोव्हेंबर २०२४ मधे वन नेशन वन सबस्क्रिप्शन मंजूर झालं, म्हणजे केंद्रानं एकदाच वर्गणी भरायची आणि संस्थांना जर्नल वाचायला द्यायची. तीन वर्षांना ६,००० कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल, सहा हजारांवर संस्था, जवळपास १.८ कोटी विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधक मिळून. ऐकून मी त्या दिवशी खूप खूश झाले. पण यादी सरकारी व्यवस्थापनाच्या संस्थांची आहे. आपल्या महाराष्ट्रात कॉलेजं कुणाची आहेत? बहुतेक सगळी शिक्षणसंस्थांची, ट्रस्टची. विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात शेतकऱ्याचं पोरगं शिकतं ते फी भरून, त्याचे आईवडील कर भरतातच की. त्याला ते जर्नल का नको? इथे माझी तक्रार तंत्रज्ञानाबद्दल नाही, कुंपण कुठे घातलं त्याबद्दल आहे.

कोयनाकाठ

ताई हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आमचं कॉलेज विनाअनुदानितच आहे, पोरांना पेपर हवा असला की मित्राच्या सरकारी कॉलेजमधल्या लॉगिनची विनवणी करावी लागते.

सोलापुरी_चादर

मी पॉलिटेक्निकला लॅब असिस्टंट. व्हर्च्युअल लॅबबद्दल बोलतो. आयआयटी, पुण्याचं सीओईपी वगैरे संस्थांनी केंद्राच्या पैशातून बनवलेल्या आहेत, ब्राउजरमधे प्रयोग करता येतो, फुकट. लॉकडाऊनमधे पोरांच्या प्रयोगवह्या आम्ही त्याच्यावर पूर्ण करून घेतल्या, ते नसतं तर वर्ष गेलं असतं.

पण आता काय होतंय की ओसिलोस्कोप बिघडला, दुरुस्तीला पाठवा म्हणून अर्ज दिला तर उत्तर येतं व्हर्च्युअल लॅबवर घ्या. पोरगं स्क्रीनवर नॉब फिरवतं, वेव्हफॉर्म एकदम स्वच्छ येतो. खऱ्या यंत्रावर तसा कधीच येत नाही, प्रोब सैल असतो, ग्राउंड लागलेलं नसतं, शेजारच्या पंख्याचा नॉइज येतो, आणि तो काढता येणं म्हणजेच तर शिकणं. माझं म्हणणं आधी स्क्रीनवर करू द्या मग टेबलावर. दोन्ही पाहिजेत. एकाच्या नावावर दुसरं बंद करू नका.

निळीशाई

सोलापुरी, हे तुम्ही जे लिहिलंत ते चौतीस वर्षांत मला इतकं नेमकं सांगता आलं नाही.

केटी_क्लिअर

अजून एक, भाषेचं. आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल आहे, दहा-दहा मिनिटांचे छोटे व्हिडिओ, सायलॅब, लॅटेक, लिब्रे ऑफिस असली सॉफ्टवेअर शिकवतात, प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी सुरू केलेलं. त्यात मराठी आवाज लावता येतो, स्क्रीन इंग्लिशच राहते पण समजावतात मराठीत. माझ्या शेजारच्या पोराचं अकरावी-बारावी मराठी माध्यमातून, त्याला मी ते दाखवलं, शेजारी सॉफ्टवेअर उघडून एक स्टेप बघायची एक करायची, तो स्वतःहून तीन तास बसला. एनपीटेलच्या पण काही कोर्सचा मजकूर मराठीत आहे पण कॉलेजात ते कुणी सांगत नाही, मला थर्ड इयरला कळलं. सांगायला पण कोणीतरी पाहिजे ना.

तासिकावाला

“सांगायला पण कोणीतरी पाहिजे ना.” हेच मी पहिल्यापासून म्हणतोय आणि ते एका विद्यार्थ्यानं म्हटलं याचा मला आनंद आहे.

कोयनाकाठ सर, आता तुमच्या मीटिंगपुरतं सरळ विचारतो. ते दोन विषय तुम्ही स्वयमला दिलेत तर वेळापत्रकात त्यांचे तास राहणार की नाही? पोरांना शंका आली तर ती कुणाला विचारणार? टेलिग्रामवरून उत्तरं टिक करणाऱ्या पोराला शेजारी बसवून हे कसं आलं ते सांग असं कोण म्हणणार? या तीन प्रश्नांची उत्तरं नसतील तर ४० टक्के म्हणजे ४० टक्के जबाबदारी झटकणं आहे.

कोयनाकाठ

काल रात्री बसून ते नियम पुन्हा पहिल्या पानापासून वाचले. मीटिंगमधे कुणीच पूर्ण वाचलेले नव्हते, मी पण नाही, हे इथे कबूल करतो.

त्यात एक तरतूद आहे जिच्याकडे आमचं कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. मूळ संस्थेनं, म्हणजे पोराच्या स्वतःच्या कॉलेजनं, प्रत्येक कोर्ससाठी एक समन्वयक नेमायचा आहे, तो विद्यार्थ्यांना कोर्सभर मार्गदर्शन करेल आणि प्रॅक्टिकल असेल तर ते घेईल. लॅब, कॉम्प्युटर, लायब्ररी पोरांना फुकट आणि पुरेशी द्यायची हेही लिहिलंय. म्हणजे मधला माणूस नियमात आहे. नाहीये ते त्याचे तास. आमच्याकडे समन्वयक म्हणून एका सरांचं नाव नोटीस बोर्डवर आहे, ते एकटे चारशे पोरांच्या नोंदण्या, फी, हॉलतिकीट बघतात, शिकवण्याला हात लावायला त्यांना वेळच नाही आणि याचा एक तासही त्यांच्या कार्यभारात धरलेला नाही.

माझं मत बदललंय का? पूर्ण नाही. दोन विषय तिकडे द्यावेत हे मी अजून म्हणतो, कारण त्यातला एक विषय शिकवणारा माणूस आमच्याकडे खरंच नाही आणि पोरांनी तो गाईडमधून शिकावा हे मला पटत नाही, मी ते भोगलंय. पण तासिकावाला सर, तुमच्या तीन प्रश्नांशिवाय मी तो प्रस्ताव मांडणार नाही. व्हिडिओ घरी बघायचा, आणि आठवड्याला दोन तास वर्गात, नाव लावलेल्या शिक्षकासमोर, तो आठवडा उलगडायचा. ते दोन तास कार्यभारात धरायचे. असाइनमेंटमधला कुठलाही एक प्रश्न पोरानं फळ्यावर सोडवून दाखवायचा.

तासिकावाला

आणि तो शिक्षक सीएचबी असेल तर त्याला तासाचे पैसे?

कोयनाकाठ

हो. नेहमीच्या तासाइतकेच.

तासिकावाला

तोंडी नको सर. तोंडी आश्वासनावर माझी नऊ वर्षं गेली. ठरावात येऊ द्या.

निळीशाई

त्यांचं बरोबर आहे. ठरावात नसेल तर पुढच्या प्राचार्यांना ते माहीतही नसतं.

ग्रंथपाल_ताई

त्या दोन तासांसाठी आमच्यासारख्या ग्रंथालयात कॉम्प्युटरची खोली रिकामी असते दुपारी तीन ते पाच. तुमच्याकडेही असेल, बघा. ज्या पोरांकडे घरी नेट नाही ती तिथेच व्हिडिओ बघतील.

कोयनाकाठ

ताई, आहे, मी उद्याच आमच्या ग्रंथपालांशी बोलतो. तासिकावाला सर, पुढची मीटिंग महिनाअखेरीस आहे. ठरावातलं ते वाक्य तुम्हीच लिहून द्या, मी जसंच्या तसं मांडतो.

तासिकावाला

लिहितो. “स्वयम किंवा एनपीटेलवरून घेतलेल्या प्रत्येक विषयासाठी आठवड्याला दोन तास प्रत्यक्ष वर्गात होतील, ते वेळापत्रकात शिक्षकाच्या नावासह दाखवले जातील, त्या शिक्षकाच्या कार्यभारात पूर्ण धरले जातील, आणि शिक्षक तासिका तत्त्वावर असल्यास त्याचं मानधन नेहमीच्या दरानं दिलं जाईल; असे तास दाखवता आले नाहीत तर त्या सेमिस्टरला तो विषय ऑनलाइन देता येणार नाही.”

शेवटचं अर्धविरामानंतरचं काढायला सांगतील. ते काढू नका.